विसरायला होतंय? झोपेबद्दलही बोलू या

‘मॅडम, मला डिमेन्शिया तर होत नाही ना?’ पन्नाशीच्या आसपासचे बरेच जण ही धास्ती घेऊन येतात. पुण्यातल्या कोथरूडचे एक गृहस्थ असेच आले; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ५३, कंपनीत अकाउंट्स सांभाळायचे. जीएसटी रिटर्न भरताना तोच आकडा तीनतीनदा तपासायचे, मीटिंगमध्ये ठरलेलं संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. वडील शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते, म्हणून भीती जास्तच.

काय काय विसरलो हे मात्र ते बारीकसारीक सांगत होते. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःला फारसं जाणवत नाही, काळजी घरच्यांना लागते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण मी झोपेकडे वळले.

‘झोप एकदम छान. आडवा झालो की लागते.’

‘अहो, छान कसली?’ सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. जोरजोरात घोरणं, मग एकदम चिडीचूप. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वीसेक सेकंदांनी गुदमरल्यासारखा श्वास, की पुन्हा घोरणं. सकाळी डोकं जड, रात्री लघवीला उठणं, पीएमपीच्या बसमध्ये बसल्याबसल्या डुलकी, हेही विचारल्यावर निघालं.

मी त्यांना झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीत, तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडत होता. झोपेत असा वारंवार श्वास अडणं म्हणजे स्लीप ॲप्निया; ३० च्या पुढे तो तीव्र. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि सकाळी माणसाला त्यातलं काही आठवत नाही. दिवसभरातलं शिकलेलं ज्या झोपेत पक्कं होतं, तीच अशी तुटत राहते. शिवाय पेंगुळलेल्या डोक्याचं लक्ष लागत नाही. मीटिंगमधलं बोलणं नीट कानावर पडलंच नसेल, तर ते आठवणार कुठून?

इथे कळकळीनं सांगते, अशा वेळी मनानं झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी आणि दारूनं श्वास अडणं वाढतं.

डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइडही तपासलं, ते ठीक निघालं. उपचार म्हणून सीपॅप सुरू झालं, म्हणजे हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. त्याचा मास्क पहिले काही आठवडे ते झोपेतच काढून टाकायचे. काकू उठून पुन्हा लावायच्या. आधी दिवसाची पेंग गेली, मग हिशेबातल्या चुका कमी झाल्या. माणसांची नावं अजून अडतात. म्हणून सहा महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा करायचं ठरवलंय.