ऑर्गन, बहुस्वरी रचना (एकाच वेळी अनेक वेगळ्या चाली गायल्या जाणारे संगीत) आणि लोकभाषांतील गीते असतानाही कॅथॉलिक उपासनेत ग्रेगोरियन गायनाचे, म्हणजे मध्ययुगापासूनच्या लॅटिन प्रार्थनागायनाचे, स्थान का टिकले?

मुख्य कारण असे की या गायनात सूर शब्दाच्या मागून चालतो. सर्व गायक एकच चाल गातात, आवर्तनाचा ताल नसतो, वाद्यांच्या साथीची गरज भासत नाही. त्यामुळे लॅटिन स्तोत्रातील वाक्य जेथे थांबते तेथेच गाणेही श्वास घेते. प्रार्थना हाच ज्याचा हेतू, अशा संगीताला याहून सोयीची घडण सापडणे कठीण आहे.

अर्थात ते अखंड सुस्थितीत राहिले, असे मात्र नाही. या गायनाच्या सतराव्या शतकातील छापील आवृत्तीत चालींमधील लांबलचक स्वरावली छाटल्या गेल्या होत्या. फ्रान्समधील सोलेम येथे १८३३ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मठातील बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्ट यांचा नियम पाळणाऱ्या) साधूंनी जुनी हस्तलिखिते ताडून पाहत मूळ रूपे शोधली, पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये हे गायन पवित्र संगीताचा सर्वोच्च आदर्श ठरवले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये, लोकभाषांना वाट मोकळी करून देतानाच, इतर बाबी समान असल्यास त्याला अग्रस्थान द्यावे, असे नमूद केले. प्रत्यक्षात अनेक चर्चमधून ते जवळजवळ नाहीसे झाले. अग्रस्थानापेक्षा त्यामागची अटच अधिक पाळली गेली, असे माझे मत आहे.

संगीतकारांनी मात्र या चाली सोडल्या नाहीत. फ्रेंच संगीतकार मोरिस द्युरुफ्ले यांचे १९४७ मधील ‘रेक्विएम’ मृतांसाठीच्या मिस्सेतील (कॅथॉलिक सामूहिक उपासनेतील) ग्रेगोरियन चालींवरच उभे आहे.