सिव्हिल डिप्लोमा झालेल्या मुलीनं साइटवर काम करावं का? बांधकामात बायकांना पुढं यायला नेमकं काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की भाचीचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, ती कोल्हापुरातच साइटवर जाणार म्हणते आणि घरातले सगळे ऑफिसातलं ड्रॉइंगचं काम बघ म्हणून मागं लागलेत. वर असंही विचारलंय की या लाइनीत बायकांना कोण खरंच पुढं आणतं का नुसतं आठ मार्चला गुलाब. मी बारा वर्षं साइटवर आहे, आधी नोकरी केली, आता स्वतःची छोटी कामं घेतो, म्हणून सांगतो. (मी बाईच आहे हो, 'घेतो, सांगतो' वाचून गोंधळू नका, आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात.)

पाठवा तिला. फक्त आधीच सांगून ठेवा की साइटवर पहिला त्रास खुर्चीचा होणार.

म्हणजे कसं, मी पहिल्या दिवशी फुलेवाडीच्या साइटवर गेलो तर मुकादमानं पळत जाऊन खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, सावलीत ठेवली, "म्याडम बसा, उन्हात कशाला." चहा आला. माझ्यासोबत त्याच दिवशी जॉइन झालेल्या पोराला मात्र "ए इंजिनियर, वर ये की" म्हणून हाक, आणि संध्याकाळपर्यंत त्याला रिंगांचं अंतर कसं मोजायचं, कव्हर ब्लॉक (सळीखालचे ठोकळे) कुठं बसवायचे, सेंट्रिंगचा (स्लॅबखाली लावलेल्या फळ्यांचा) टेकू हलवून कसा बघायचा हे सगळं दाखवून झालं. मला काय कळलं, तर मुकादमाला दोन पोरी आहेत. पंधरा दिवसांनी सर (मी ज्यांच्याकडं नोकरीला होतो ते) म्हणाले तुझं अक्षर चांगलं आहे, मटेरियलचं रजिस्टर तू बघत जा. कुणी वाईट वागलं नाही, सगळे लई चांगले वागले, तीच तर पंचाईत. वाईट वागणाऱ्याशी भांडता तरी येतं, खुर्ची पुसून देणाऱ्याशी काय भांडणार? तिसऱ्या आठवड्यात मीच शिडी चढून वर गेलो आणि उतरलोच नाही जेवायच्या सुट्टीपर्यंत.

आता मदत कुणी केली म्हणाल तर एक किस्सा सांगतो. पाचगावची साइट, दुसऱ्या मजल्याचा स्लॅब, सकाळचे सात, आरएमसीची (तयार काँक्रिटची) गाडी गेटावर ड्रम फिरवत उभी. मी गॅलरीचं स्टील बघितलं तर वरची सळी लोकांनी तुडवून तुडवून पार खाली बसलेली. गॅलरी एकाच बाजूनं धरलेली असते, ताण येतो वरच्या अंगाला, म्हणून मेन सळी वरच पाहिजे, ती खाली बसली की सळी असून नसल्यासारखी आणि सेंट्रिंग काढल्यावर गॅलरी खाली यायची भीती. मी म्हटलं थांबा, आधी सळी उचलून चेअर लावा. (सळीला खालून आधार द्यायला जो वाकवलेला तुकडा लावतात त्याला पण आम्ही चेअरच म्हणतो. ही खुर्ची मात्र मला पाहिजे होती आणि ही कोण आणून देत नव्हतं.) मिस्त्री म्हणाला, "म्याडम, वीस वर्षं स्लॅब टाकालोय, एक गॅलरी पडली नाय." आणि त्यानं सरळ सरांना फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू जावं म्हणूनच. सर म्हणाले, "म्याडम काय म्हणतात?" "थांबा म्हणतात." "मग मला कशाला फोन केलास?" आणि फोन कट.

चाळीस मिनिटं गेली, चेअर लागल्या, स्लॅब झाला. पुढच्या स्लॅबला मिस्त्रीच खालून हाक मारून म्हणाला, म्याडम गॅलरी बघून घ्या. सरांनी बायकांसाठी असं दुसरं काहीच केलं नाही, म्हणजे भाषण नाही की सत्कार नाही, पण तो फोन त्यांनी कट केला म्हणून मी आज या धंद्यात आहे. पुढं एका दुसऱ्या ठिकाणी पगार जास्त होता, तिथले साहेब अगदी सज्जन, पण प्रत्येक वेळी "थांबा, मी येऊन बघतो" म्हणायचे. आठ महिन्यात तिथला सेंट्रिंगवाला पण मला विचारायचा बंद झाला, मी सोडलं.

हे इंजिनियरचं झालं. पण साइटवर खरी संख्या घमेलं उचलणाऱ्या बायकांची, आणि त्यांना तर खुर्ची पण नाही. वीस वर्षं काम केलेली बाई पण बिगारीच राहते, दोन वर्षांपूर्वी आलेला पोरगा मात्र गवंडी होतो कारण त्याच्या हातात कुणीतरी थापी दिलेली असते. हजेरी (रोजचा पगार) पण बाप्यापेक्षा शे-दीडशे कमी, समान कामाला समान पगाराचा कायदा १९७६ पासून असला तरी, कारण विचारलं तर "ती हलकी कामं करते", आणि ती वाळू चाळते, विटा वाहते, पाणी मारते, यातलं हलकं कुठलं ते मला अजून कळलं नाही. जोडपं असलं की दोघांची हजेरी नवऱ्याच्या हातात. माझ्याकडं विजापूरकडची एक अक्का आहे, तिला गिलावा शिकायचा होता. गवंड्याचं म्हणणं, बाईनं थापी धरली तर घमेलं कोण देणार? मग आम्ही संडास-बाथरूमच्या भिंती तिला दिल्या, तिथं वर टाइल्स बसणार म्हणजे थोडं फिनिशिंग चुकलं तरी झाकून जातं, फक्त ओळंबा बरोबर पाहिजे, म्हणजे भिंत सरळ उभी पाहिजे. एक अख्खा उन्हाळा गेला, तीन भिंती पाडून परत केल्या, सिमेंट वाया गेलं ते माझ्या खिशातनं. आता ती हॉलच्या भिंती करते आणि गवंड्याची हजेरी घेते, तिच्या हातात. नवरा महिनाभर फुगून बसलावता.

संडासाचं सांगायलाच पाहिजे कारण यावर कोण बोलत नाही. साइटवर सोय नसली की बायका पाणीच पीत नाहीत, एप्रिलच्या उन्हात पण, मी पण तेच करायचो आणि मग लघवीचं इन्फेक्शन, औषधं, रजा. आता एस्टिमेटमध्येच आधी तात्पुरत्या संडासाचा आयटम टाकतो, मालक कुरकुरतात, ऐकतात. लेकरांचं तसंच. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर सांगितलं होतं, आमच्या छोट्या साइटवर बायका सहा नाहीतर सात, म्हणजे आकडा कधी भरतच नाही आणि पोरं खेळतात सळ्यांत. मी एका म्हातारीला हजेरी देऊन पोरं सांभाळायला बसवतो, तेवढंच.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाची नोंदणी म्हटलं की सगळ्यांना मंडळाकडनं मिळणारी पेटी आणि भांडी आठवतात. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम एवढं असलं की नोंदणी होते, आणि नोंदणी असलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना साधं असेल तर १५ हजार, सिझरला २० हजार, वर पोरांच्या शिक्षणाला मदत. अडतं कुठं तर ९० दिवसांच्या दाखल्यावर. ठेकेदार सही देत नाहीत, पुढं लफडं नको म्हणून, आणि दिली तरी नवऱ्याला देतात. माझ्याकडं मी बायकांच्या सह्या आधी करतो.

घरच्यांना पटवायला उदाहरणं पाहिजेत तर शकुंतला भगत यांनी १९५३ ला मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातनं सिव्हिल केलं आणि पुढं पूल बांधले, चिनाबच्या रेल्वे पुलावर बेंगळुरूच्या आयआयएस्सी संस्थेतल्या माधवी लता मॅडमनी सतरा वर्षं काम केलं. ही नावं जेवणाच्या ताटावर वापरा, मुकादमापुढं सांगून काय उपयोग नाही.

मुलाखतीला गेली की तिनं पगाराआधी विचारावं की स्लॅबच्या दिवशी वर कोण असतं आणि स्टील चेक करून सही कोण करतं. "तुम्हाला ऑफिसलाच बसायचंय" असं उत्तर आलं तर उठून यावं. संडास विचारावा, लाजू नये. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागतेच, ती आहे का विचारावं, दहाच्या आत असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत. सेफ्टी शूज स्वतःचे घ्यावेत, साइटवर ठेवलेले सगळे बाप्यांच्या मापाचे, मी दोन मोजे घालून सहा महिने काढलेत.

आणि तिला वाटलं तर आधी माझ्याकडं आठ दिवस येऊन बघू दे, कळंब्याला काम चालू आहे, पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे, सकाळी साडेसहाला डबा घेऊन या म्हणावं. अजून काय विचारायचं असेल तर विचारा, फक्त शनिवारी संध्याकाळी उत्तर येणार नाही, बटवडा (कामगारांचा पगार वाटायचा) असतो.