नव्या वर्षाच्या यादीत आधी जुनं लिही

प्रिय पोरा,

यादी पोचली. अकरा कलमं, जवळजवळ प्रत्येकाला ठळक मथळा, खाली दोन-दोन ओळी. एम्बरच्या, वेब ॲप बांधायच्या आपल्या या फ्रेमवर्कच्या म्हणजे तयार सांगाड्याच्या, समुदायाने येत्या वर्षात काय करावं याचा तू मनापासून विचार केलायस, ते दिसतंय. आणि शेवटी तो प्रश्न : "सर, सगळंच महत्त्वाचं वाटतंय, काय काढू कळत नाही. आणि नोकरीला लागून वर्षही न झालेल्या मुलाचं कोण ऐकणार?"

ऐकण्याचं पटकन उरकतो. 2018 मध्ये एम्बरच्या मुख्य चमूने सगळ्यांनाच सांगितलं होतं, की पुढे काय व्हावं असं वाटतं ते आपापल्या जागी लिहा. ही पद्धत रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांकडून उचललेली. त्या लिखाणातून आराखडा निघाला आणि तोसुद्धा थेट जाहीर न करता आरएफसी म्हणून, लेखी प्रस्ताव म्हणून, सगळ्यांसमोर चर्चेला ठेवला. तेव्हा ऐकतात. तुझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, एवढंच बघायचं.

तुझ्या अकरापैकी दहा कलमं काहीतरी नवीन मागतात. नवव्या नंबरवर मात्र, मथळासुद्धा न देता, तू लिहिलंयस : "जुने क्लासिक कम्पोनंट आणि नवे ग्लिमर कम्पोनंट दोन्ही चालतात, नवा माणूस गोंधळतो, याचं काहीतरी व्हावं." कम्पोनंट म्हणजे पानाचे सुटे तुकडे, आणि ते लिहायच्या या दोन पद्धती. हे एक कलम ठेव. बाकीची दहा काढ.

रागावलास? रागव, पण पुढचं वाचून रागव.

नोव्हेंबर 2014. एम्बर 2.0 कडे कसं जायचं याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यात दोन गोष्टींवर आम्ही सगळे खूष होतो. एक, कम्पोनंट दुहेरी महिरपी कंसांऐवजी साध्या एचटीएमएल टॅगसारखे, कोनी कंसात लिहिता येणार. दुसरी, रूट, म्हणजे ॲपमधला पत्ता, थेट कम्पोनंटलाच जोडता येणार, म्हणजे कंट्रोलर नावाचं मधलं प्रकरण संपणार. 2.0 आलं ऑगस्ट 2015 मध्ये. कोनी कंस आले 3.4 मध्ये, ऑगस्ट 2018 ला. आणि कंट्रोलर? नवा प्रोजेक्ट काढ, क्वेरी पॅरामीटर, म्हणजे पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा भाग, लिहायला घे, समोर कंट्रोलर उभा. दरम्यान कितीतरी लोकांनी "कंट्रोलर जाणारच आहेत" म्हणून ते शिकायचे टाळले, शिकवायचे टाळले, मार्गदर्शिकेत त्यांच्याबद्दल नीट लिहायचेही टाळले. जी गोष्ट जाणार म्हणून सांगितली आणि गेली नाही, तिच्यावर कुणी झाडूसुद्धा मारत नाही.

आपल्याकडे गावोगाव घरं असतात बघ, गच्चीवर सळया उघड्या सोडलेली. पुढेमागे वरचा मजला चढवू म्हणून. मजला चढत नाही, सळया गंजतात, पावसाचं पाणी त्यांच्यातून खाली झिरपतं आणि खालचा चांगला स्लॅब खराब होतो. प्रत्येक फ्रेमवर्कच्या गच्चीवर अशा सळया आहेत. तू मला तिसऱ्या मजल्याचा नकाशा पाठवलायस.

आधी राहिलेलं संपव. मग नवीन.

तू म्हणशील, ऑक्टेन, एम्बरचा तो नवा अवतार, नवीनच होतं ना, आणि त्यानेच तर एम्बर सावरलं. डिसेंबर 2019, आवृत्ती 3.15. बरोबर, ट्रॅक्ड प्रॉपर्टी, म्हणजे बदलल्या की पडदा आपोआप बदलणाऱ्या किमती, नव्या होत्या, ग्लिमर कम्पोनंट नवे होते. पण त्या वर्षी प्रत्यक्ष काम कशाचं चाललं होतं ते शोधून वाच. सुटे सुटे आलेले तुकडे एकमेकांत बसवणं. मार्गदर्शिका आणि सुपर रेंटल्स या सरावाच्या ॲपचं ट्युटोरियल नव्या पद्धतीने पुन्हा लिहिणं. जनरेटरने नवी फाइल काढली की ती नव्याच पद्धतीची निघावी याची सोय. जुना कोड आपोआप बदलणारे कोडमॉड. हे सगळं संपवण्याचं काम आहे, आणि ते संपलं म्हणून त्याला नाव देता आलं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. मॉड्यूल युनिफिकेशन. फाइलींची मांडणी बदलून सगळं एका सोर्स फोल्डरखाली आणायचं, असा प्रस्ताव 2016 पासून मंजूर होता, 2018 च्या आराखड्यातही होता. त्यावर हुशार माणसांची वर्षं गेली होती. 2019 मध्ये चमूने उघड सांगितलं, की हे ऑक्टेनमध्ये येणार नाही. त्याऐवजी टेम्प्लेट आणि कम्पोनंटची फाइल शेजारी शेजारी ठेवायची छोटी सोय केली आणि पुढे गेले. मी याला माघार म्हणत नाही. संपव म्हणजे पूर्ण कर, किंवा चारचौघांत पुरून टाक. पण लोंबकळत ठेवू नकोस.

आता लोंबकळतं का, ते समजून घे, म्हणजे वर्षाची यादी कशासाठी असते ते कळेल. एम्बरची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. वर्षात आठ-नऊ. काम तयार नसेल तर आवृत्ती थांबत नाही, काम फ्लॅगमागे, म्हणजे बंद ठेवलेल्या स्विचमागे, कॅनरी या चाचणी आवृत्तीत पडून राहतं. पद्धत उत्तम आहे, मी तिच्या बाजूने कित्येकदा भांडलोय. पण तिचा परिणाम असा, की अर्धवट राहिलेलं काही कुणाला टोचत नाही. सहा आठवड्यांचं चक्र नव्याची काळजी घेतंच, कारण नवं करायला प्रत्येकाचे हात शिवशिवतात. जुनं संपवायला कुणाचेच शिवशिवत नाहीत. त्यासाठीच वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून बसायचं असतं. त्या बैठकीतही नवीनच मागायचं असेल, तर बैठक कशाला हवी?

एक खूण सांगतो. आरएफसीच्या आता पायऱ्या ठरलेल्या आहेत : प्रस्तावित, तपासणीत, स्वीकृत, प्रकाशनास तयार, प्रकाशित आणि शेवटची शिफारस. टाळ्या पडतात "स्वीकृत"ला. कोड "प्रकाशित"ला येतो. आणि "शिफारस" म्हणजे मार्गदर्शिका बदलली, ट्युटोरियल बदललं, जनरेटर बदलला, लिंटचे, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचे, नियम बदलले, आता नव्या माणसाला हेच शिकवायचं. ही शेवटची पायरी चढायला कुणी नसतं. तुला यादी करायची आहे ना? मग आरएफसींचा साठा उघड आणि जे प्रस्ताव "स्वीकृत" किंवा "प्रकाशित" वर येऊन वर्षानुवर्षं बसलेत ते उतरवून काढ. त्यातले तीन निवड. तीनच. प्रत्येकाखाली लिही की वर्षअखेरीस कुठलं पान, कुठला आदेश, कुठला इशारा बदललेला दिसेल. "डेव्हलपरचा अनुभव सुधारणे" असलं काही लिहिलंस तर मी ते खोडणार आहे.

आणि काय जाणार तेही लिही. डेप्रिकेशनच्या, म्हणजे 'हे पुढे जाणार' असं सांगणाऱ्या, प्रत्येक सूचनेत एक रकाना असतो, ही गोष्ट कुठल्या आवृत्तीपर्यंत टिकेल ते सांगणारा. फ्रेमवर्कने दिलेली ती खरी तारीख. 4.0 मध्ये, 2021 च्या अखेरीस, जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची जोडणी आणि इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार गेला तेव्हा लोक कुरकुरले, पण काय जाणार ते आधीपासून लिहिलेलं होतं. शिव्या पडल्या, विश्वास गेला नाही. एम्बरची प्रत्येक मोठी आवृत्ती अशीच असते : तिच्यात नवीन काही नसतं, जाहीर केलेलं जुनं फक्त काढलेलं असतं. जगात इतर ठिकाणी मोठ्या आवृत्तीला ढोल वाजतात. आपल्याकडे त्या दिवशी केर काढतात, आणि मला हे फ्रेमवर्क आवडायचं अर्धं कारण तेच आहे.

तुला वाटेल, याला केर काढायचीच हौस. आहे.

मी ज्या कंपनीत होतो, तिचं नाव राहू दे, तिथे आमचं ॲप एम्बर 1.13 वर अडकलं होतं. 1.13 म्हणजे डेप्रिकेशनचा महापूर. कन्सोल उघडला की पिवळ्या ओळी थांबत नसत. मी म्हणत होतो, एकेक प्रकारचा इशारा घेऊ, तो संपवू, बाकीचे तेवढ्यापुरते गप्प करू, आणि एकेक आवृत्ती वर चढू. वर बसलेल्यांनी ठरवलं, दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये सगळं नव्याने लिहायचं. नवीन ॲप आलं. जुनंही राहिलं, कारण हिशेबाची निम्मी पानं नव्यात कधी आलीच नाहीत. मी सोडलं तेव्हा दोन्ही चालू होती आणि दोन्हींना माणसं लागत होती. माझ्या पद्धतीने चाललो असतो तर वर्ष-दीड वर्षात 2.18 वर आलो असतो. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, आणि ऐकून ऐकून घरचे कंटाळलेत हेही मला माहीत आहे.

एम्बरला जोडायच्या माझ्या तारखा निवडायच्या छोट्या ॲडऑनचंही तसंच. पोरं उत्साहाने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव, आणायची : रंग, थीम, महिन्याचं सरकतं दृश्य. मी म्हणायचो, आधी जुनी एपीआय, म्हणजे ॲडऑन वापरायची जुनी पद्धत, काढून होऊ दे. त्यांनी वाट पाहिली, मग फोर्क, म्हणजे माझ्या कोडची वेगळी प्रत, काढला. फोर्कला माझ्यापेक्षा जास्त स्टार मिळाले. त्यातला एक मुलगा फार गुणी होता, टेस्ट तर अशा लिहायचा की वाचत राहावं. तो दुरावला याचं वाईट वाटतं. निर्णयाचं वाटत नाही. तो फोर्क पुढे ऑक्टेनला पोचला नाही, माझं पोचलं.

असो. तुझ्या यादीकडे येऊ.

टाइपस्क्रिप्ट, बिल्ड, राउटर यांवर आधीच माणसं बसलेली आहेत. तिथे मागणी करू नकोस, हात दे. "समुदाय वाढवणे" हे कलम मला समजलंच नाही. लिंक्डइन आणि डिस्कोर्ससारखी मोठी उत्पादनं या फ्रेमवर्कवर उभी राहिली. आपल्याकडे माणसं येत नाहीत अशातला भाग नाही, ती पहिल्याच आठवड्यात दोन प्रकारचे कम्पोनंट बघून परत जातात. वाढ हवी असेल तर तुझं नववं कलम वाच.

मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद, हे सातवं कलम. हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सगळी मार्गदर्शिका एका वर्षात करायचं ठरवशील तर चार प्रकरणं होतील, मूळ मजकूर बदलेल, आणि नांदेडच्या कुठल्या तरी कॉलेजातली मुलगी गेल्या आवृत्तीचं मराठी वाचून रात्रभर चुका शोधत बसेल. सुपर रेंटल्सचा पहिला भाग घे. तेवढाच कर, पूर्ण कर, आणि मूळ बदललं की कोण दुरुस्त करणार त्याचं नाव खाली लिही. नाव तुझंच असेल तर ते पुढच्या वर्षीही तुझंच राहणार, हे धरून लिही.

माणसाच्या नावाशिवाय काही लिहू नकोस. ओपन सोर्समध्ये "आपण सगळे" नावाचा माणूस नोकरीला नसतो.

रविवारपर्यंत तीन कलमं पाठव. मी वाचीन, लाल करीन, परत पाठवीन. चिडलास तर फोन कर, पण दुपारी दोन ते चार सोडून.

तुझा,
सर

ता. क. लोगो बदलायचं अकरावं कलम मी काढून टाकलंय असं समज. टॉमस्टरला, एम्बरच्या त्या हॅमस्टर शुभंकराला, हात लावायचा नाही.