मोबाइलवर तानपुरा फुकट वाजत असताना मिरजेचे तानपुरे बनवणारे कारागीर टिकावेत कशासाठी? आणि टिकतील का?

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंय, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातंय. मुलगी सहा वर्षं गाणं शिकतेय, बाई म्हणतात आता स्वतःचा तानपुरा घ्या, आणि घरचे म्हणतात अ‍ॅप असताना एवढे पैसे लाकडात कशाला घालायचे. त्यात तुम्हाला वेगळीच शंका, की ‘कला जपायला हवी’ म्हणणारे स्वतः काही विकत घेतात का. शंका रास्त आहे. बरेच जण घेत नाहीत.

आधी तुमच्या घरच्यांची बाजू घेते. मी सांगलीची, बँकेत नोकरी करते आणि रोज सकाळच्या रियाजाला मोबाइलच लावते. साडेनऊला घर सोडायचं असतं. चार तारा जुळवायला माझी पंधरा मिनिटं जातात, पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा वीस. खुंटी सरकते, सूर बारीक जुळवायचे मणी वरखाली करावे लागतात, तोवर कुकरच्या शिट्ट्या होतात. त्यामुळे अ‍ॅपला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की चांगल्या अ‍ॅपमधून ऐकू येणारा आवाज बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या तानपुऱ्याचाच टिपून घेतलेला असतो. कुणीतरी तो बनवला होता, कुणीतरी त्याची जवारी काढली होती, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा आवाज गुंजेल असा घासला होता.

जवारीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पाटावर, एक रुंद घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते, तार एका रेषेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी वरून जवळजवळ सपाट, पण अगदी किंचित उतरती असते. तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात, त्याला ‘जीव’ म्हणतात. तो केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज एकदम उघडतो, आणि जी तार आत्तापर्यंत नुसती ‘टण्’ करत होती ती गुंजायला लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेवर निबंध लिहिला तो याच कारणासाठी. तारेतून मूळ सुरासोबत वरचे सूरही उमटतात, ते उपस्वर. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू (तार न हलणारी जागा) येतो, ते उपस्वर एरवी उमटायलाच नकोत. तानपुऱ्यात ते चांगले ठणठणीत ऐकू येतात, आणि ही करामत त्या वक्र घोडीची आहे, हे त्यांनी दाखवलं. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेतून गांधार (‘ग’) ऐकू येतो असं गाणारे म्हणतात ना, तो भास नसतो. मूळ सूर पहिला धरला तर तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. जवारी बिघडली की तो हरवतो.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे आईचा तानपुरा आहे, तिने लग्नाआधी मिरजेत करून घेतलेला. माझी चार वर्षं बदली पुण्याला होती तेव्हा तो बरोबर नेला. तिथे आवाज बसल्यासारखा वाटला म्हणून एका दुकानात जवारीला दिला. दुसऱ्या दिवशी मिळाला, चकचकीत. तारांचा आवाज मात्र पत्र्यासारखा. मी दोरा सरकवून सरकवून थकले. शेवटी गादीत गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन रेल्वेने मिरजेला आणला.

ज्यांनी तो पाहिला त्यांना आम्ही लहानपणापासून चाचा म्हणतो. त्यांनी तारा छेडल्याच नाहीत. सैल केल्या, घोडी उचलली, दाराकडच्या उजेडात आडवी धरली आणि एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर फिरवली, सुतार फळी बघतो तशी.

“ताई, हे कुणी घासलं?”

“पुण्यात दिला होता.”

“कानशीनं घासलंय. हे कानानं घासायचं असतं.”

घोडी इतकी उतरवली गेली होती की तिच्यात काही राहिलंच नव्हतं. नवी घालावी लागली. पूर्वी घोडीवर हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची पट्टी असे, ते कायद्याने बंद झालं, योग्यच झालं. आता उंटाचं हाड, शिसव किंवा कृत्रिम पट्टी वापरतात. चाचांनी हाडाची घेतली. तिला आकार देणं तासाभरात झालं. पुढचं काम मात्र दीड दिवस चाललं, आणि त्यात बघण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. तार चढवायची, ऐकायची, उतरवायची, पॉलिश पेपर दोन बोटांच्या टोकाला धरून घोडीवर तीन-चार वेळा फिरवायचा, फुंकर मारायची, पुन्हा तार. चार तारांना चार वेगवेगळे उतार, कारण खर्ज जाड पितळेची आणि जोडीच्या तारा पोलादाच्या. मध्येच ते चहाला उठून गेले. मी विचारलं, झालं का? म्हणाले, “कान भरलाय, थोडा रिकामा होऊ दे.” संध्याकाळी खर्ज छेडला आणि त्यांच्या दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्या एका तानपुऱ्याची तार आपोआप गुणगुणायला लागली. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. लिहून उपयोगही नाही, कारण प्रत्येक भोपळा वेगळा.

भोपळ्यावरून आठवलं. हा खायचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, घागरीपेक्षा मोठा. खेड्यात पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला बांधतात त्याचाच मोठा भाऊ म्हणा. मिरजेला हे भोपळे येतात ते भीमाकाठाहून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या गावांतून. वेलावर पूर्ण वाळू द्यावे लागतात, त्यामुळे रान बरेच महिने अडकून पडतं. पूर आला, अवकाळी पाऊस पडला की डाग पडतात, कुजतात. शेजारच्या रानात ऊस उभा असताना शेतकऱ्याने भोपळा का लावावा, याचं उत्तर कुणाकडे नाही. कारागीर जपायचे म्हणताना हा शेतकरी कुणाच्या यादीत नसतो. तो थांबला तर मिरजेतल्या सगळ्या कारागिरांचं कसब एका हंगामात लटकेल. लाकूड तुणाचं लागतं, हलकं आणि चांगलं मुरलेलं, तेही आता सहज मिळत नाही.

टिकावेत कशासाठी, याकडे येते. मला ‘आपला वारसा’ वगैरे शब्द फार लवकर थकवतात. मिरजेची गोष्टच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे सतारी-तानपुरे बनत नव्हते. ज्यांनी ते सुरू केले ते शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले बनवणारे, त्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपत आले आणि फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यं हातात घेतली. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, त्यामुळे गिऱ्हाईकही मिळालं. पुढे लोक त्यांना सतारमेकरच म्हणायला लागले आणि ते आडनाव होऊन बसलं. अजूनही मिरजेत सतारमेकर आडनावाची घरं आहेत. म्हणजे हा वारसा स्वतः एका बंद पडलेल्या धंद्याच्या पोटातून निघालाय. त्या वेळी कुणी शिकलगारांना ‘तलवारी जपा’ म्हणून अनुदान दिलं असतं तर मिरजेचा तानपुरा जन्मलाच नसता. धातूवर अचूक चालणारा हात, धीर आणि नजर तेवढी शिल्लक राहिली आणि तिला नवं काम सापडलं.

आणि गिऱ्हाईक कसं, तेही बघा. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन स्थायिक झाले, १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले तरी दफन इथल्याच दर्ग्याच्या आवारात झालं. अजूनही उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. लहानपणी आईबरोबर मी चिंचेच्या झाडाखाली बसून तिथलं गाणं ऐकलंय, निम्मं झोपेत. असे चिकित्सक कान दाराशी रोज येऊन ‘अजून खुलली नाही’ म्हणत असतील तर कारागिराचा हात सुधारणारच. सतार म्हटलं की कोलकात्याचं नाव घेतात, तानपुरा म्हटलं की मिरजेचं, याचं कारण इथल्या गाणाऱ्यांत आहे असं माझं मत.

म्हणून मला वाटतं, ही विद्या टिकते ती दुरुस्तीवर. नवा तानपुरा माणूस आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा. जवारी मात्र वाजवणाऱ्याची दर एक-दोन वर्षांनी बसते. तारा घोडीवर चऱ्या पाडतात, पुन्हा यावं लागतं. कारखान्यात पोरं आधी पॉलिश पेपर मारायला शिकतात, मग भोपळ्यावरची नक्षीची पानं, मग दांडी जोडणं. जवारीला हात सगळ्यात शेवटी लावू देतात. दुरुस्तीला येणारे कमी झाले की नेमकी ही शेवटची पायरी शिकायला काम उरत नाही. दिसायला सुंदर तानपुरे बनत राहतील, हॉटेलच्या लॉबीत उभे करायला. आतून मुके.

टिकतील का? २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पेढेही खाल्ले. वर्षानुवर्षं इथून गेलेल्या वाद्यांवर मोठ्या शहरांतली दुकानं आपलं लेबल चिकटवून विकत आली, त्याला थोडा तरी चाप बसेल. पण मानांकनाने नाव राखलं जातं, पोरगा कारखान्यात येऊन बसत नाही. चाचांचा मोठा मुलगा कॉम्प्युटर शिकून बाहेर पडला. चाचांना त्याचं दुःख वगैरे काही नाही, उलट त्याच्या पगाराचा आकडा मला दोनदा सांगितला. धाकटा बसतो दुकानात, हात चांगला आहे, आणि वाद्याचे व्हिडिओ करून परदेशातल्या गिऱ्हाइकांना पाठवतो. पुढे काय, ते ठरेल ते तुमच्या मुलीसारखी मुलं तानपुरा घेऊन परत परत येतात का, यावर.

तर घ्यायचाच असेल तर एवढं करा. फोनवर फोटो बघून मागवू नका. मिरज जंक्शन आहे, बऱ्याच गाड्या थांबतात, मुलीला घेऊन एक दिवस या. तिची पट्टी, म्हणजे ती कुठल्या सुराला ‘सा’ धरून गाते ते, बाईंकडून नीट विचारून या, हार्मोनियमची काळी चार की काळी पाच, कारण बायकांचा तानपुरा आकाराने लहान असतो आणि तारांची जाडी पट्टीवर ठरते. वय लहान असेल तर आवाज अजून बदलेल, तेही कारागिराला सांगा. नक्षी बघू नका. भोपळा गोल आहे का, कुठे भेग पुट्टी भरून बुजवलीय का, ते बघा. मग खर्ज छेडायला सांगा आणि सगळ्यांना गप्प बसवा. मुलीला गांधार ऐकू आला की झालं. तुम्हाला नाही आला तरी चालेल, पैसे देणाऱ्याला बहुतेक येत नाही. किमतीत घासाघीस थोडी करतातच, पण ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा यायचंय त्याच्याशी फार ताणू नये. चांगल्या मोबाइलला लागतात तेवढे पैसे जातील आणि वस्तू तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल.

नेताना भोपळ्याला गादी हवीच. पहिल्या वर्षात जवारी बसते, त्यासाठी परत या, ती खोट समजू नका. आणि मोबाइलचा तानपुरा काढून टाकू नका, कुकरच्या वेळेला तोच बरा.

माझा गेल्या मंगळवारपासून तिथेच आहे, खर्ज पुन्हा बसलाय. दुकानात शिरल्यावर डाव्या भिंतीला काळ्या पडलेल्या खुंट्यांचा, गळ्यापाशी लाल दोरा बांधलेला एक जुना तानपुरा टांगलेला दिसेल. मुलीला तोच आवडेल, बहुतेक सगळ्यांना आवडतो. तो विकाऊ नाही.