‘कंट्री रोड्स’वाला जॉन डेन्व्हर मुळात कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं लोकप्रिय संगीत) गायक होता का?
पूर्णपणे नाही, गडी फोकमधला, म्हणजे गिटारवरच्या लोकगीतांच्या परंपरेतला. जन्म १९४३, न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल. वडील हवाई दलात, त्यामुळे लहानपण बदल्यांमध्येच गेलं. गिटार आजीने दिली. खरं आडनाव डॉइचेनडॉर्फ. ते सोडून कोलोरॅडोच्या राजधानीचं नाव लावलं. १९७१चं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्टसोबत लिहिलेलं. गंमत म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचं हे गाणं सुचलं मेरीलँडच्या रस्त्यावर! १९७५ मध्ये कंट्री संगीताचा सर्वोच्च पुरस्कार त्याला जाहीर करताना कंट्री गायक चार्ली रिचने मंचावरच नावाची चिठ्ठी पेटवली. ‘हा आपल्यातला नव्हे’, असाच अर्थ अनेकांनी काढला. १९९७ मध्ये स्वतःचं छोटं विमान चालवताना कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कोसळून गेला. ऐकायचाच असेल तर ‘रॉकी माउंटन हाय’पासून सुरुवात करा.