मोबाईल ॲपने सांधा मोजताना: तुमचे प्रश्न

प्रश्न: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी रोज ॲपवर गुडघा किती वाकतो ते बघते. काल ९८ डिग्री आलं, आज ९४. परत आखडतोय का?

उत्तर: घाबरू नका हो. चार डिग्री इकडेतिकडे बहुतेक वेळा मोबाईल ठेवण्यातच होतात. ॲपला तुमचा गुडघा दिसत नाही, गुरुत्वाकर्षणावरून मोबाईल किती तिरका झालाय तेवढंच त्याला कळतं, म्हणजे नडगीवर जरा वरखाली ठेवला किंवा पोटरीकडे कलला की आकडा बदलला. फिजिओ गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) मोजतात तेव्हाही साधारण ५ डिग्रीचा फरक धरूनच चालतात. नडगीच्या हाडावर पेनाने खूण करा, आधी मोबाईल मांडीवर ठेवून झिरो करा, मग खुणेवर ठेवा, आणि हे रोज नको, आठवड्यातून एकदा, व्यायामाच्या आधी, कारण नंतर सांधा मोकळा झालेला असतो आणि आकडा जास्त येतो. तीनदा मोजून सरासरी लिहा. अजून एक, सगळे वाकण्याच्याच मागे लागतात पण गुडघा पूर्ण सरळ होतो का तेही बघा, तो सरळ झाला नाही तर चालताना लंगडायला होतं. आकडा लागोपाठ उतरत गेला, किंवा गुडघा सुजला, गरम लागला तर थांबू नका, सर्जनला दाखवा.

प्रश्न: बसून मान डावीउजवीकडे वळवतो तेव्हा आकडे काहीच्या काही येतात.

उत्तर: येणारच. बसून मान वळवली की गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने काही बदलतच नाही, मग बरीचशी ॲप्स होकायंत्राच्या सेन्सरवर जातात आणि तो लोखंडी कपाट, चुंबकाचं कव्हर, कशानेही बिघडतो. उताणे झोपा, मोबाईल कपाळावर आडवा धरायला कुणाला तरी सांगा आणि मग मान वळवा.

प्रश्न: हात वर नेला की १७५ येतं, तरी वरच्या फळीवरचं काढताना खांदा अडतो. असं का?

उत्तर: कंबर मागे वाकवून हात वर जात असेल, ॲप तेही खांद्याच्या खात्यात टाकतं. गुडघे दुमडून पाठीवर झोपा, कंबर जमिनीला टेकवा, आता मोजा.

प्रश्न: माझं कोपर सरळ होऊन वर १२ डिग्री मागे जातं. चांगलं ना?

उत्तर: लवचिकपणा जास्त आहे, एवढंच. सांधे किती लवचिक आहेत ते गुणांत मोजणाऱ्या बायटन स्कोअरमध्ये १० डिग्रीच्या पुढे मागे गेलेल्या प्रत्येक कोपराला १ गुण असतो, एकूण गुण ९. नुसत्या कोपरावरून आजार ठरत नाही, पण सांधे दुखत असतील किंवा निखळत असतील तर तपासून घ्या, आणि ताणाच्या व्यायामांपेक्षा ताकदीचे करा.