आजीबाई, बोका आणि खून: नव्या वाचकासाठी
आजीआजोबा किंवा मांजर खुनाचा छडा लावतात अशा रहस्यकथा वाचायच्या असतील, तर सुरुवात अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलपासून करावी, असे मी सुचवेन. १९३० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत ही अविवाहित वृद्धा बागकाम करता करता, पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीआडून गावावर नजर ठेवते आणि संशयिताचे वागणे गावातल्याच कुणाशी तरी ताडून पाहते. ठाणे शहरातल्या नौपाड्यात, जुन्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

मांजर हवेच असेल, तर लिलियन जॅक्सन ब्राऊन यांच्या मालिकेकडे वळावे. तिचा नायक क्विलरन हा मध्यमवयीन पत्रकार आहे, आजोबा नव्हे. खरी गंमत कोको या सयामी बोक्याची, कारण तो सूचक हालचाली तेवढ्या करतो आणि अर्थ लावण्याचे काम माणसावर सोडतो. (मांजर माणसासारखे बोलू लागले की माझे मन उडते.) पहिली तीन पुस्तके १९६६ ते १९६८ या काळात आली आणि चौथे थेट १९८६ मध्ये, म्हणून ती तीन सलग वाचावीत.

संशयितांची नावे वहीत टिपावीत. ग्रंथालयाच्या प्रतीत पेन्सिलीने खुणा केल्याबद्दल मी एकदा ठाणे शहरातच बोलणी खाल्ली आहेत, आणि त्यातही खुनी चुकीचाच हेरला होता.